चारही पाय जमिनीवर

दत्तगुरूंच्या तसबिरीतले ते चार कुत्रे मी अलीकडे फार बारकाईने पाहू लागले आहे. ते चार वेद आहेत असं लहानपणी आजीने सांगितलं होतं आणि तेव्हा मी निमूट हात जोडले होते. आता मात्र नजर जाते ती त्यांच्या वागणुकीकडे. एकाच्याही गळ्यात पट्टा नाही. मागे गाय उभी आहे, पण तिच्यावर कुणी भुंकत नाही. गुरूंच्या अंगावर कुणी पाय टाकत नाही, की शेजाऱ्याच्या कानाचा वास घ्यावा असंही कुणाला वाटत नाही. इतकी शांतता माणसांच्या सत्संगातही विरळा. घरात वाढत्या वयाचं कुत्रं असलेल्या माणसाला या तसबिरीपुढे भक्तीच्या आधी हेवा वाटतो, आणि तो गुरूंनी समजून घ्यावा.

आमचा बंड्या गावठी. सिंहगड रस्त्यालगतच्या एका अर्ध्या बांधकामावर जन्मलेला, एक कान ताठ आणि दुसरा कायम विचारात पडलेला. त्याच्यात दुर्गुण असा एकच, अतोनात आनंद. बेल वाजली की तो आधी हवेत असतो आणि मग घरात. गॅस सिलिंडर आणणारा, कुरिअरवाला, वर्गणी मागायला आलेली मंडळं, सगळ्यांना तो युगानुयुगांच्या ताटातुटीनंतर भेटल्यासारखा भेटतो. पैठणी नेसून हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आलेल्या शेजारणीलाही तो असाच भेटला, आणि मग ट्रेनर लावायचं ठरलं.

ट्रेनर म्हणजे स्कूटरवरून येणारा, कमरेला उकडलेल्या चिकनच्या तुकड्यांची पिशवी बांधलेला एक शांत मुलगा. त्याच्या हातात क्लिकर होता. दाबला की ‘टिक’ वाजणारी डबी. कुत्र्याने योग्य ते केलं की त्याच क्षणी टिक, आणि मग लगेच खाऊ. क्षण चुकला तर कुत्रं भलतंच काहीतरी शिकतं. हा क्षणाचा हिशेब तसा बराच जुना आहे. जर्मनीत पोलिसांची कुत्री शिकवणाऱ्या कोनराड मोस्टचं पुस्तक १९१० मध्ये आलं. बक्षीस आणि शिक्षा नेमक्या कोणत्या घडीला द्यायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण त्याच्या शाळेत पट्ट्याला हिसका मारण्याचाही तास असे. पुढे १९५१ मध्ये बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने टिकटिक वाजणाऱ्या खेळण्याच्या मदतीने घरच्या घरी जनावरं कशी शिकवावीत यावर लेख लिहिला. आणि हिसका हळूहळू मागे पडला त्यात थोडा वाटा डॉल्फिनचाही आहे. हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायरने ती विद्या कुत्र्यांपर्यंत आणली. तिचं पुस्तक १९८४ चं. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही आणि त्याच्यावर ओरडलं तर तो पोहत निघून जातो, तेव्हा शिट्टी, मासा आणि सौजन्य याखेरीज शिकवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. ज्याला बांधता येत नाही त्याच्याशीच माणूस पहिल्यांदा नीट बोलतो की काय, असं आपलं मला वाटून गेलं.

पहिला धडा होता चारही पाय जमिनीवर ठेवण्याचा. बंड्याने उडी मारली की ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पाठ फिरवून खांबासारखं उभं राहायचं. पाय जमिनीला टेकले की टिक. “आधी उड्या वाढतील, घाबरू नका. इतके दिवस चालणारं नाणं एकदम चालेनासं झालं की कुणीही दोनदा वाजवून बघतंच,” असं त्याने बजावलं होतं. तशा त्या वाढल्याही. आणि याच दिवसांत सातारच्या मावशी न कळवता आल्या. दार लोटलेलं होतं. त्या कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आत पाऊल टाकतात तो समोर अख्खं घर पाठमोरं: माझा नवरा कपाटाकडे तोंड करून, सासरे कॅलेंडरकडे, मी फ्रिजकडे, कुणी हूं की चूं करत नाही, आणि मधोमध एक कुत्रं जिवाच्या आकांताने उड्या मारतंय. “काय गं, कुणाचं काही बरंवाईट झालं का?” मावशींनी दारातूनच विचारलं. त्यांना खरं काय ते सांगायला मला तोंड फिरवावं लागलं आणि त्या दिवसाचा धडा वाया गेला.

पण बंड्या शिकला. बसायला सांगितलं की बसू लागला, निदान मागचा भाग जमिनीच्या दिशेने नेऊ लागला. पाहुणे दारात असताना त्याचं ढुंगण फरशीपासून बोटभर वर अधांतरी थरथरत असतं. आज्ञा आणि इच्छा यांच्यातली सरहद्द तेवढीच रुंद. शेपूट मात्र कुठल्याच शाळेत जात नाही. बाकीचा देह सभेचा ठराव पाळत असताना ते मागे एकटंच आपला मतभेद नोंदवत राहतं.

अमेरिकन केनेल क्लबने १९८९ मध्ये कुत्र्यांच्या नागरिकत्वाची एक परीक्षाच सुरू केली. तिच्यात दहा कसोट्या आहेत. अनोळखी माणूस मालकाशी बोलायला आला तरी मधे पडायचं नाही, गर्दीतून न ओढता चालायचं, दुसरं कुत्रं दिसलं तरी वरवरची दखल घेऊन पुढे जायचं, हाक मारली की यायचं, मालक तीन मिनिटं दिसेनासा झाला तरी आकांत करायचा नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला या कसोट्या लावल्या तर कोरम भरायचा नाही. हाक मारल्यावर येण्याच्या बाबतीत तर आपली परंपराच वेगळी. काही घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे कधी धावू नका, त्याला तो खेळ वाटतो, असं ट्रेनर सांगत होता, तेव्हा मला पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आठवले. चोरी करणाऱ्याला वर तूप! शिस्तीच्या दृष्टीने याहून वाईट उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि तरी शेकडो वर्षं आपण ते पोरांना कौतुकाने सांगत आलो आहोत.

पोरांना सांगतो ते असं, आणि शिकवतो मात्र अगदी ट्रेनरसारखं. कुणाकडे जायचं असलं की आमची आई जिन्यातच धडे घेई. खाऊ पुढे आला तर आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर तिच्याकडे बघायचं. बशीतल्या शेवटच्या लाडवाकडे तर बघायचंही नाही. मग तिथे पोहोचल्यावर ती एका शब्दाने काही बोलत नसे. समोरच्या काकूंशी हसत गप्पा चालू, आणि डावी भुवई तेवढी आमच्यासाठी राखून ठेवलेली. शब्दांपेक्षा हाताच्या खुणा कुत्र्याला लवकर कळतात हे ट्रेनरने सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. एका भुवईवर तीन भावंडं खोलीच्या दुसऱ्या टोकाला जागच्या जागी थिजलेली मी पाहिली आहेत. त्यांतली एक मीच होते. आम्ही उत्तम शिकलो. इतके, की आता आनंद झाला तरी आमचे पाय जमिनीवरून उचलत नाहीत.

माझे सासरे, म्हणजे बाबा, तर या विद्येतले आचार्य. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पाण्याला अडवण्यात हयात गेलेली. धाकटा दीर तीन वर्षांनी टोरांटोहून आला तेव्हा दारात उभं राहून त्यांनी विचारलं, “विमान वेळेवर होतं ना?” मग, “जेवलास का?” मग त्याच्या हातातली लहान बॅग घेऊन ते आत गेले आणि ती ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. मधल्या काळात बंड्या, ज्याने दिराला जन्मात पाहिलं नव्हतं, आपला धडा पाळत बसला होता, फक्त कुईकुई आवाज त्याच्या घशातून गळत होता. त्या दारात नेमकं कुणी काय करायला हवं होतं याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

टेबलाखालून पार्ले-जीचा अर्धा तुकडा देण्याचं बाबांचं काम त्याआधीपासून चालूच होतं. रोज नाही, कधीतरी. कधीतरी मिळणारं बक्षीस रोज मिळणाऱ्यापेक्षा सवय घट्ट करतं, हे स्किनरने कबुतरांवर दाखवून दिलं. बाबांनी ते न वाचताच अमलात आणलं. त्यामुळे जेवताना बंड्या त्यांच्याच पायाशी असतो, श्रद्धेने.

शेवटच्या तासाला ट्रेनरने दिलेला उतारा मला सगळ्यात आवडला. उडी कायमची बंद करायची नसते म्हणे, तिला निमंत्रण लावायचं असतं. छातीवर दोनदा थोपटलं तरच वर यायचं, एरवी नाही. हा धडा घ्यायला त्याने बंड्याला समोर बसवलं, स्वतःच्या छातीवर हलकेच थोपटलं, आणि पहिल्याच थोपटण्याला बंड्याचे पुढचे दोन्ही पाय त्याच्या खांद्यावर. क्लिकर दाबायचंही त्याला सुचलं नाही. “हे आधीच कुणी शिकवलंय याला?” त्याने विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. बाबा पेपर वाचत होते. त्यांच्या सदऱ्यावर, खिशाच्या जरा वर, पंजाचे दोन मातकट ठसे होते, आणि ते काही त्या दिवसाचे नव्हते.