टॉर्च धर जरा

काकांना कोणाच्या घरी जायला आमंत्रण लागत नाही. त्या घरातलं काहीतरी बंद पडावं लागतं. मिक्सर अडला, गिझर गार पडला, दाराची बेल एकदा दाबली की वाजतच राहिली, अशी बातमी जिन्यात फुटते आणि अर्ध्या तासात काका दारात उभे असतात. पायात घरातल्या स्लिपर, खिशात टेस्टर, हातात डालड्याच्या जुन्या डब्यात भरलेली हत्यारं, आणि चेहऱ्यावर उत्साह. हा उत्साह बिघाड किती मोठा आहे त्या प्रमाणात असतो. फ्यूज उडालाय एवढंच निघालं तर काका खिन्न होतात.

पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये त्यांची हयात गेली. निवृत्त होताना सगळ्यांना मिळतं तसं त्यांनाही भिंतीवरचं घड्याळ मिळालं. संध्याकाळपर्यंत ते खोललेलं होतं. ते बंद पडलं नव्हतं, पण सेकंद काटा जिथे नऊवरून पुढे सरकतो तिथे तो थोडा विचार करतो, असं काकांचं निरीक्षण होतं.

मेकॅनिकला मशीन चालू झालं की पुरतं, तो पैसे घेऊन जातो. काकांना ते का बंद पडलं होतं हे कळेपर्यंत चालू झालेलं आवडत नाही. तळमजल्यावरचा एक टीव्ही त्यांनी नुसता हात लावताच सुरू झाला, तेव्हा घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काकांनी तो पुन्हा बंद पडायची वाट बघत तिथेच चहा मागवला. त्यांच्या स्वतःच्या घरची परिस्थिती विचारू नये. तिथला मिक्सर अभ्यासासाठी टेबलावर पसरलेला असतो. काका ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीला गेले की काकू कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला गुपचूप बोलावून घेतात, आणि त्याला जाताना पावती ठेवू नको म्हणून सांगतात.

या सगळ्यात माझी भूमिका टॉर्चची. काकांच्या डोळ्यांना कमी दिसतं असं नाही, पण टॉर्च दुसऱ्याने धरल्याशिवाय त्यांना काम केल्यासारखं वाटत नाही. ज्या फटीत ते बघतायत तिथेच उजेड पडला पाहिजे, मग टॉर्च आणि फट यांच्यामध्ये त्यांचं डोकं असलं तरी. टॉर्चवाल्याने मत द्यायचं नाही. "हे इथलं असेल का?" असं मी एकदा म्हणालो, तर काकांनी मान न वळवता, "उजेड," एवढंच म्हटलं होतं.

तर चौथ्या मजल्यावरच्या मुलाचं कॉफीचं मशीन बंद पडलं. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला. मशीन पूर्ण ऑटोमॅटिक. वरून बिया टाकायच्या, बटण दाबायचं, आत दळण होतं, दाबलं जातं, गरम पाणी जातं, चोथा आतल्या डब्यात पडतो आणि कपात एस्प्रेसो येते. येत होती. आता समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागून राहिला होता. चोथ्याचा डबा रिकामा करा, असा त्याचा अर्थ. डबा रिकामाच होता, नुसता रिकामा नव्हे, घासून पुसून लख्ख. कंपनीच्या ग्राहक सेवेने मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. दुसऱ्या फोनला दुसऱ्या आवाजाने तेच सांगितलं. माणूस बघायला यायला आठवडा लागणार होता आणि तो 'बहुतेक बोर्ड' बदलणार होता. न बघता बोर्ड म्हणणाऱ्या माणसाबद्दल काका जे बोलले ते इथे देता येत नाही.

काकांनी जेवणाच्या टेबलावर कालचा पेपर पसरला. छोट्या जाहिरातींचं पान वर. यामागे शास्त्र आहे. त्या पानावर चौकोन आयते आखलेले असतात आणि काढलेला प्रत्येक स्क्रू आपापल्या चौकोनात राहतो. "वधू पाहिजेमधला दे," असं ते मागतात, किंवा "भाड्याने देणेमधले दोन्ही." लोक म्हणतात की काकांनी जोडलेल्या वस्तूतून एक स्क्रू उरतोच. काकांना हे मान्य आहे, पण तो जास्तीचाच होता असं त्यांचं म्हणणं.

आधी काकांनी मशीनची माहिती विचारली. सुनेने तत्परतेने खोक्यावरचं वाचलं, "पंधरा बारचा पंप आहे, काका." काका हसले. "तो पंपाचा जोर. कॉफीला नऊ बार लागतात. आपला कुकर शिटी मारतो तो साधारण एका बारला. म्हणजे कुकरच्या नऊपट, आणि तेही सात ग्रॅम पावडरीवर." हे त्यांना कसं ठाऊक ते मला माहीत नाही. दाब हा त्यांचा विषयच आहे.

मुलाने मग कॉफीचा इतिहास काढला. नवीन पिढी वस्तू घेण्याआधी तिचा इतिहास वाचते आणि माहितीपुस्तिका तशीच राहते. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरानं वाफेवर चालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं, नंतर गॅजियानं दांड्याचं मशीन आणलं आणि कॉफीवर तो सोनेरी फेस यायला लागला, मग १९६१ साली फाएमा कंपनीने दांड्याऐवजी विजेचा पंप बसवला. त्या मशीनचं नाव ई-६१, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत इटलीत खग्रास सूर्यग्रहण दिसलं त्यावरून.

"एकसष्ट?" काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे पानशेतचं साल."

पुण्यात काही विशिष्ट वयाच्या माणसांसमोर १९६१ हा आकडा उच्चारला की पुढची वीस मिनिटं गेली असं समजावं. १२ जुलै, धरण फुटलं तेव्हा काका शाळकरी होते, नदीकाठच्या पेठेत राहत होते, आणि पाणी कुठल्या ओट्यापर्यंत आलं होतं हे ते अजून हाताने दाखवतात. शेवटी ते म्हणाले, "तिकडे पाण्याचा दाब वापरायला शिकले त्याच वर्षी आपल्याला तो समजला." आणि पुन्हा मशीनकडे वळले.

लाल दिव्याचं कोडं त्यांनी मशीनला हात न लावता सोडवलं. कामाला येणाऱ्या मावशींना हाक मारली. डबा रोज कोण धुतं? मावशी. कधी? सकाळी, सगळे उठायच्या आधी. तेव्हा मशीन चालू असतं का? छे, विजेच्या वस्तूला बटण बंद केल्याशिवाय त्या ओला हात लावत नाहीत. काकांनी टेबलावर थाप मारली. "हे मशीन बघत नाही, मोजतं! इतके कप झाले म्हणजे इतका चोथा पडला, डबा भरला. डबा बाहेर आला हे त्याला फक्त चालू असताना कळतं. आमच्याकडे ऑडिटवाले असेच यायचे. गोदामात माल आहे का ते बघायचे नाहीत, वहीत आहे का बघायचे." मशीन चालू ठेवून डबा ओढला, थोडा वेळ बाहेर ठेवला, परत सरकवला. दिवा गेला. मावशी विजयी मुद्रेने भांड्यांकडे गेल्या. त्यांची पद्धत बरोबर होती, चुकत मशीन होतं, आणि यावर काकांचंही दुमत नव्हतं.

पण कॉफी आली नाही. बिया दळल्याचा आवाज आला, पंप घुरघुरला, खालच्या ताटलीत थोडं पाणी ठिबकलं, आणि दुसरा दिवा लागला. पाणी भरा. टाकी काठोकाठ भरलेली होती.

इथून काका खरे खुलले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी मशीनच्या पाठीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. कारखान्यात बेअरिंग असंच ऐकतात. "टॉर्च," ते म्हणाले. ऐकताना टॉर्च कशाला हे मी विचारलं नाही. "या पंपात मोटर नसते. तारेच्या वेटोळ्यात लोखंडाचा एक दट्ट्या, तो सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे. आपल्या लाइनची फ्रिक्वेन्सी पन्नास, तीच त्याची चाल. आत हवा अडकली असती तर कोरडा खडखडाट आला असता. हा पाणी ओढतोय, पण पुढे वाट बंद आहे म्हणून गुदमरतोय. पाणी किती गेलं ते मोजायला वाटेत एक चिमुकलं चाक असतं. ते फिरलं नाही की मशीन म्हणतं, टाकी रिकामी."

"म्हणजे हेसुद्धा मोजतंच?" मुलगा म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की आपल्याला वारस मिळाला.

वाट कशाने बंद झाली? पहिला संशय क्षारांवर. सोसायटीला उन्हाळ्यात टँकर येतो, बोअरचं पाणी जड, तापवलं की नळ्यांत चुना धरतो. पण हे पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरत होते आणि सायट्रिक अ‍ॅसिडची धुलाई गेल्याच महिन्यात झाली होती. वाफेच्या नळीतून गरम पाणी भसाभस येत होतं. म्हणजे पंप ठीक, तापवणारा भाग ठीक, दोष पुढे, जिथे पावडर दाबली जाते तिथे. काकांनी मशीन फिरवलं आणि पाठीमागच्या स्क्रूंकडे पाहिलं. सहा पाकळ्यांची खाच आणि मध्ये उंचवटा, साध्या हत्याराने उघडू नये म्हणून मुद्दाम केलेले. काकांनी डब्यातून त्याचीही चावी काढली. पहिला स्क्रू 'वर पाहिजे'मध्ये जाणार, एवढ्यात सून म्हणाली, "काका, पुस्तिकेत लिहिलंय की तो भाग बाजूच्या दारातून हातानेच निघतो. स्क्रू लागत नाही."

काका क्षणभर काही बोलले नाहीत. बाजूला खरोखरच एक दार होतं. एक खटका दाबला आणि अख्खा भाग हातात आला. ज्या इंजिनीअरनं ती सोय केली त्याला काकांनी त्या दिवशी माफ केलं नाही.

तरी हातात वस्तू आली होती. वरच्या दट्ट्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिथे काहीतरी तपकिरी, चिकट थर वाळून बसला होता. मी टॉर्च नेमका धरला होता याची इथे नोंद करतो. काकांनी नखाने थोडं खरवडलं, चष्मा वर केला, आणि ते नाकाशी नेलं. एकदा. पुन्हा एकदा. मग हळूच मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मुलाची आई उभ्या होत्या. त्या ताबडतोब गॅलरीतल्या तुळशीकडे बघायला लागल्या.

जायफळ होतं ते. जायफळ आणि साखर.

मशीनला वरच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, तयार पावडर वापरायची असेल तर त्यासाठी. त्यावर चमच्याचं चित्र आहे. जायफळाशिवायची कॉफी म्हणजे काढा, असं मानणाऱ्या बाईला दुपारी एकटीला कॉफी हवी झाली आणि समोर चमच्याचं चित्र दिसलं, तर ती दुसरं काय करणार? आत साखरेचा पाक व्हायचा, मशीन गार झालं की वाळायचा, त्यात जायफळाची पूड, आणि वर पुन्हा नवा थर.

सगळे काकांच्या निदानाची वाट बघत होते. कारण सापडल्यावर ते सविस्तर सांगणं हे काकांचं खरं मानधन. कारखान्यात ते बिघाडाचा अहवाल लिहायचे तेव्हा कारणाच्या रकान्याला पुरवणी जोडावी लागायची म्हणतात. काकांनी घसा खाकरला.

"दमट हवा," ते म्हणाले. "पावसाळ्यात बिया ओल धरतात. पावडर चिकट होते."

"बास?" मुलगा म्हणाला.

"बास."

एवढं छोटं निदान मी त्यांच्याकडून कधी ऐकलेलं नाही. तो भाग त्यांनी स्वतः कोमट पाण्यात भिजत घातला, साबण लावू दिला नाही, जुन्या टूथब्रशने जाळी साफ केली आणि रात्रभर वाळत ठेवला. दट्ट्याच्या रबरी कडीला ग्रीस लागणार होतं. सायकलचं चालतं का, असं मी विचारलं, कारण त्या वेळी टॉर्च बंद होता आणि मला बोलायची मुभा होती. "पोटात जाणाऱ्या गोष्टीला खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस," काका म्हणाले. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्यांकडे ते नव्हतं, मागवायला लागलं.

ते आल्यावर भाग बसला, खटका टक् वाजला, आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात चिमुकल्या कपात दोन घोट एस्प्रेसो आली. मुलाने तो कप मानाने काकांना दिला. काका चहाचे माणूस. त्यांनी कपात डोकावून पाहिलं, "हा नमुना का?" असं विचारलं, एका घोटात संपवलं आणि बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ती बाजूची वाफेची नळी कशासाठी?"

"दूध फेसाळायला."

"अस्सं."

काकांनी तरुणपणी लग्नातल्या केटररचं वाफेचं कॉफी मशीन दुरुस्त केलं होतं. तेच ते, पत्र्याच्या टाकीचं, फुस्स करून पंगतीतल्या सगळ्यांना दचकवणारं. हे मला माहीत होतं, कारण ते सगळ्यांनाच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगा आणि सून ऑफिसात असताना, काकांचा फोन आला. टॉर्चची बॅटरी तपासत होतो तेवढ्यात म्हणाले, "टॉर्च नको. कप घेऊन ये." वर गेलो तर स्टीलच्या गंजात दूध, त्यात साखर, त्यावर वहिनी जायफळ किसतायत, आणि काका वाफेची नळी दुधात बुडवून गंज तिरका धरून उभे. "भाऊजी, उतू जाईल हं," असं वहिनी म्हणेपर्यंत फेस वर आला. तयार कॉफीची चमचाभर पूड, वरून कोकोचा शिडकावा. लगेच त्यांनी नळीतून थोडी वाफ सोडली आणि फडक्याने पुसली. नाहीतर दूध आत चढतं आणि सुकतं, वहिनी, हे रोज करायचं.

आठवड्याने मुलगा जिन्यात भेटला. मशीन छान चाललंय, पण एक गोष्ट कळत नाही, म्हणाला. दिवसभरात किती कप झाले ते मशीन दाखवतं, तर दुपारी एकही झालेला नसतो. बिया जितक्यास तितक्या. दुधाची पिशवी मात्र रोज एक जास्त लागते. सेन्सर गेला असेल का?

"नाही," काका म्हणाले. "दूध ते मोजत नाही."