विलायतेच्या गृहखात्यास पिंपळनेरचे उघड पत्र

प्रति,
मा. प्रवेश-परवाना विभाग,
गृहखाते, ब्रिटिश सरकार, लंडन.

विषय : भाषा शिकण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांचे नियम उभयपक्षी लागू करण्याबाबत.

मान्यवर खात्यास,

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी वसलेले पिंपळनेर हे गाव खात्याच्या स्मरणात नसल्यास त्यात गावाचा दोष नाही, कारण 1880 साली त्याच सरकारने छापलेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्यातील जमीन, पिके, रस्ते आणि माणसे यांची मोजदाद करणाऱ्या सरकारी ग्रंथात, पिंपळनेर या नावाचा स्वतंत्र तालुका होता आणि त्याच्या महसुलाचा हिशेब आण्या-पैपर्यंत चोख ठेवलेला होता. पुढे तालुका साक्रीचा झाला, महसूल दुसऱ्या सरकारकडे गेला आणि खात्याचा पिंपळनेरशी संबंध उरला तो एवढाच, की इथला एखादा मुलगा किंवा मुलगी भाषाविज्ञान, अर्थात भाषेची रचना, उच्चार आणि वापर यांचा शास्त्रीय अभ्यास, शिकण्यासाठी इंग्लंडच्या विद्यापीठात निघते, तेव्हा तिची कागदपत्रे खात्याच्या टेबलावर येतात. सदर पत्र त्या कागदपत्रांविषयी आहे.

या विद्यार्थ्याला भाषा येते की नाही याची खात्री करून घेण्याची खात्याची काळजी पिंपळनेरकरांना मनापासून स्तुत्य वाटते. पदवी पातळीच्या शिक्षणासाठी त्याची इंग्रजी ‘बी-2’ पायरीची असावी लागते. ही पायरी युरोपात भाषाज्ञान मोजण्यासाठी ठरवलेल्या सहा पायऱ्यांपैकी चौथी होय. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशी चार अंगे स्वतंत्रपणे तपासली जातात. आता पिंपळनेरचा हा उमेदवार घरी आजीशी अहिराणी बोलतो, शाळेत प्रमाण मराठीत निबंध लिहितो, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून बाजाराला उतरणाऱ्या कोकणी, मावची आणि भिल्ल गिऱ्हाइकांशी त्यांच्या बोलीत भाव ठरवतो, नवापूरपलीकडच्या व्यापाऱ्याशी मोडक्या पण व्यवहाराला पुरेशा गुजरातीत बोलतो आणि ट्रकचालकाला हिंदीत रस्ता सांगतो. अर्जाच्या नमुन्यात या सर्वांसाठी रकाना नाही. रकाना आहे तो एका भाषेचा, आणि तीत तो अर्ध्या गुणाने कमी पडला तर पाच भाषांचा हा धनी कागदोपत्री मुका ठरतो. अशा निकालाला निष्पक्षपाती म्हणणे भाग आहे, कारण त्यात सर्व मुक्यांना समान वागणूक मिळते.

भाषेनंतर पैशाची परीक्षा येते, आणि ती अधिक मनोरंजक आहे. 2025च्या आरंभी लागू झालेल्या दराप्रमाणे लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याने दरमहा 1,136 पौंड याप्रमाणे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा खर्च, म्हणजे 10,224 पौंड, अकरा लाख रुपयांच्या आसपासची रक्कम, बँक खात्यावर सलग 28 दिवस पडून असल्याचे दाखवावे लागत होते. शिकवणीचे शुल्क याहून वेगळे, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी दरसाल 776 पौंडांचा आरोग्य-अधिभार त्याहून वेगळा. खानदेशात कांद्याचे पैसे हाती आले की दुसऱ्या दिवशी ते खत-औषधाच्या दुकानात, सोसायटीच्या हप्त्यात आणि लग्नाच्या आहेरात वाटले जातात, त्यामुळे 28 दिवस न हललेले अकरा लाख रुपये हे दृश्य गावाने क्वचितच पाहिलेले असते. ते घडवून आणण्यासाठी मामा, आत्या, वडिलांचा जुना वर्गमित्र आणि बँकेचे शैक्षणिक कर्ज अशा सर्वांना एका वेळी श्वास रोखून धरावा लागतो. खात्याच्या या नियमाने भाऊबंदकीत जेवढे ऐक्य घडवले, तेवढे तंटामुक्ती समितीलाही साधलेले नाही.

इतके करून विद्यार्थी समजा लीड्ससारख्या उत्तरेकडील शहरात पोचला, तर तिथे त्याची गाठ ज्या इंग्रजीशी पडते ती त्याने उत्तीर्ण केलेल्या इंग्रजीची दूरची चुलत बहीण निघते. परीक्षेच्या ध्वनिफितीवरील बाई सावकाश आणि स्वच्छ बोलत होती; बसचा चालक तसे काही मनावर घेत नाही. दुकानातील मुलगी ‘आर यू ऑल राइट?’ असे विचारते, तेव्हा आपण आजारी दिसत असू या समजुतीने विद्यार्थी थंडी, झोप आणि पोटाची तक्रार यांविषयी प्रामाणिक निवेदन करू लागतो, आणि ती मुलगी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते. याला विद्यार्थ्याचे भाषिक अज्ञान म्हणता येत नाही. पिंपळनेरच्या स्टँडवर ‘कथा चालना भाऊ?’, म्हणजे कुठे निघालास भाऊ, असे कोणी विचारले तर कोणत्या गावाला, कोणत्या कामाला, कोणाकडे आणि परत कधी, इतके सगळे सांगितल्याशिवाय सुटका नसते, किंबहुना न सांगणे हा उद्धटपणा समजला जातो. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला उत्तर नको असलेला प्रश्न ऐकायला शिकण्यासाठी एक सत्र सहज लागते. त्यातच ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणजे गावाकडे जनावरे अजून रानात असतात त्या प्रहरी तिथे दिवे लागलेले असतात. आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा असल्याने तो संध्याकाळी कुठल्या तरी उपाहारगृहाच्या मोरीवर ताटे विसळतो, आणि व्याख्यानांत न सापडलेली बोली त्याला तिथे, साबणाच्या फेसात, फुकट शिकायला मिळते.

स्वयंपाकघराचा उल्लेख येथे विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण विद्यार्थ्याच्या परदेशवासातील खरी परीक्षा तिथे होते. विद्यार्थी-निवासात सहा-आठ खोल्यांना मिळून एक सामायिक स्वयंपाकघर असते, आणि त्यात बहुधा विजेची सपाट शेगडी असते. खानदेशी शेवभाजीच्या काळ्या मसाल्याला कांदा आणि खोबरे जाळावर भाजून काळे करावे लागते, आणि जाळच नसलेल्या शेगडीवर कांदा नुसता घाम गाळत बसतो. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या पिठाची, म्हणजे कळण्याची, भाकरी करायची तर उडीद-ज्वारीचे पीठ एखाद्या गुजराती दुकानात वेगवेगळे विकत घ्यावे लागते आणि अंदाजाने मिसळावे लागते. हे सर्व जमवून रविवारी सकाळी तो तेलात मोहरी, लसूण आणि वरून घरचे लाल तिखट टाकतो. तिखट तेलात पडल्यावर साधारण चार श्वासांनी शेजारच्याला ठसका लागतो आणि त्यानंतर लगेच छतावरील धूरसूचक यंत्र किंचाळू लागते. मग संपूर्ण इमारतीचे रहिवासी नियमाप्रमाणे पायऱ्या उतरून, कोणी झोपेच्या कपड्यांत, कोणी ओल्या केसांनी, पावसात ठरलेल्या जागी जाऊन उभे राहतात आणि अग्निशामक दलाच्या परवानगीची वाट पाहतात. इतक्या निरनिराळ्या देशांची माणसे एका फोडणीने एकत्र आणण्याचे हे कार्य सांस्कृतिक आदानप्रदान या सदरात मोडावे, अशी सूचना जाता जाता करण्यात येत आहे.

या विद्यार्थ्याच्या ग्रंथालयातील दिनक्रमात खात्याने विशेष लक्ष घालावे. भारतीय सनदी सेवेतील अधिकारी जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातील भाषांची जी प्रचंड पाहणी केली आणि 1903 ते 1928 या काळात खंडांमागून खंड प्रसिद्ध केले, तिच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग 1907 साली निघाला, आणि त्यात खानदेशी, म्हणजे अहिराणी, भिल्ली बोलींच्या समूहात घालून छापलेली आहे. पाहणीचे बरेचसे संपादन ग्रियर्सन यांनी निवृत्तीनंतर इंग्लंडातील कॅम्बर्ली या गावी बसून केले. तुलना करता यावी म्हणून जवळपास प्रत्येक बोलीत एकच मजकूर भाषांतरित करून घेण्यात आला होता, आणि तो मजकूर म्हणजे बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट. बापाकडून आपला वाटा मागून घेऊन दूर देशी गेलेला, तिथे पैसे संपून डुकरांच्या चाऱ्याकडे बघत बसलेला मुलगा आजीच्या भाषेत बोलताना ऐकायला पिंपळनेरच्या विद्यार्थ्याला आधी अकरा लाख रुपये 28 दिवस स्थिर ठेवावे लागतात आणि मग सात हजार किलोमीटर जावे लागते. खिशात महिनाअखेरची नाणी असताना ही गोष्ट वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वाङ्मयीन आस्वादापलीकडचा काही अर्थ लागत असेल, तर तो त्याचा वैयक्तिक प्रश्न आहे.

खात्याच्या सोयीसाठी इतिहासातील दाखले देण्यात येत आहेत. 1818 साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेल्यावर इथे आलेल्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते; 1825पासून धरणगावी भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमने ती काही भाषेच्या प्रमाणपत्राच्या बळावर उभारली नाही, आणि मोल्सवर्थ व कँडी बंधूंचा 1831चा मराठी-इंग्रजी कोश हा मराठी पंडितांच्या मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय तयार होणारा ग्रंथ नव्हता. या मंडळींनी इथे येण्यापूर्वी आपले पैसे 28 दिवस हलवले नव्हते असे दाखवणारा कागद मात्र उपलब्ध नाही. उलट दिशेचा दाखला त्याहून चांगला आहे. 1883 साली पंडिता रमाबाई आपल्या लहान मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडात वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या जोगिणींकडे राहिल्या, तेव्हा त्या तिथे इंग्रजी शिकत आणि पुण्यास जाऊ घातलेल्या जोगिणींना मराठी शिकवत. हा व्यवहार रोखठोक आणि बरोबरीचा होता, एका भाषेला दुसरी भाषा. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात, डोरोथिया बील या प्राचार्या असताना, त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. रमाबाईंनी पुरुषांना शिकवू नये असा आक्षेप बिशपांनी घेतला, आणि त्यांनी शाकाहार सोडला नाही म्हणून जोगिणींची नाराजीही झाली, पण त्यांच्याकडे देण्यासारखी भाषा आहे हे त्या नाराजांपैकीही कोणी नाकारले नाही. आजच्या अर्जाच्या नमुन्याची 1883च्या व्यवस्थेशी तुलना केली असता प्रगती कोणत्या दिशेने झाली हे ठरवणे खात्यावर सोपवण्यात येत आहे.

सबब पिंपळनेरकरांची नम्र मागणी अशी, की यापुढे इंग्लंडातून जो विद्यार्थी, संशोधक किंवा नुसता हौशी माणूस अहिराणी शिकण्यासाठी पिंपळनेरला येऊ इच्छील त्यालाही खात्याचेच नियम लागू करावेत. त्याने गावातील पतसंस्थेत नऊ महिन्यांच्या खर्चाची रक्कम 28 दिवस ठेवावी आणि त्या काळात तिच्यावर कोणाही नातेवाइकाची नजर पडू देऊ नये. त्याने क्षयरोग नसल्याचा दाखला आणावा, जसा इथून जाणाऱ्याला न्यावा लागतो. श्रवणाची परीक्षा बाजाराच्या दिवशी घ्यावी: एकीकडे काळी-पिवळीवाला साक्रीच्या सवारीसाठी ओरडत असताना, दुसरीकडे नामसप्ताहाच्या कर्ण्यावरून कीर्तन चालू असताना, मेथीच्या जुडीवरून भांडणाऱ्या दोन बायकांपैकी कोणी शेवटी किती पैसे दिले हे उमेदवाराने सांगावे. वाचनासाठी सातबाऱ्याचा उतारा आणि लेखनासाठी तलाठ्याला त्यातील चूक दुरुस्त करण्याचा अर्ज पुरेसा होईल. मात्र हा अर्ज पिंपळनेरच्या रहिवाशांनाही एका बैठकीत साधत नाही, एवढे परीक्षकांनी लक्षात ठेवावे. उत्तीर्ण होणाऱ्यास आठवड्यात वीस तास कांद्याच्या चाळीत काम करण्याची मुभा राहील.

या मागणीत एक अडचण आहे आणि ती लपवणे सचोटीला धरून होणार नाही. अहिराणीची परीक्षा घ्यायची तर प्रश्नपत्रिका काढणारे लागतात, आणि पिंपळनेरातील जे पालक हे काम करू शकतील त्यांनीच मुलांना घरी अहिराणी बोलण्यावरून दटावलेले आहे, ‘गावंढळ वाटते’ हे कारण देऊन इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवलेले आहे आणि भिंतीवर परदेशी शिक्षणाच्या वर्गांची पत्रके चिकटवू दिली आहेत. 2011च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 60 हजार लोकांनी आपली मातृभाषा खानदेशी गटातील म्हणून नोंदवली; तेवढ्यांच्या मुलांना ती लिहिता यावी यासाठी एकाही नियमित शालेय इयत्तेत तिचा तास नाही. खात्याच्या अर्जात अहिराणीला रकाना नाही ही तक्रार करणाऱ्या गावाच्या शाळेच्या दाखल्यातही तो नाही. ही त्रुटी खात्याच्या निदर्शनास येण्यापूर्वी गावानेच नमूद केलेली बरी, म्हणजे प्रस्ताव त्या मुद्द्यावर फेटाळला जाणार नाही.

प्रश्नपत्रिका तयार होईपर्यंतच्या मधल्या काळासाठी किमान मागणी एवढीच, की विद्यार्थ्याच्या अर्जात ‘येणाऱ्या इतर भाषा’ अशी एक ओळ घालावी आणि ती भरताना जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडण्याची परवानगी असावी. उत्तर इंग्रजीत पाठवले तरी चालेल. पिंपळनेरात ते वाचून समजावून सांगणारे आहेत.

कळावे,
समस्त पिंपळनेरकर