जांगडवरची चोपडी

"पुस्तक छपाईला टाकलंय," असं मी मार्केटात सांगितलं, तेव्हा शेजारच्या दुकानातल्या मुनिमाने विचारलं, "किती मीटर?"

त्याची चूक नाही. सुरतेत छपाई म्हणजे साडीची. रिंगरोडच्या कापडबाजारात जन्म काढलेल्या माणसाला कागदही छपाईला जातो हे नवीनच होतं. आमच्या शेठना तर फक्त 'चोपडी' एवढंच ऐकू आलं. गुजरातीत पुस्तकाला चोपडी म्हणतात आणि हिशेबाच्या वहीला चोपडा. त्यांनी कौतुकाने विचारलं, "कोरी छे के लखेली?" लिहिलेली आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. कोरीला गिऱ्हाईक असतं.

मी मूळचा खानदेशी, राहायला उधन्याला. बावीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. मधल्या रिकाम्या वेळात 23 ललितलेख साठले. ते पुण्या-मुंबईला धाडले. एका प्रकाशकाकडून आठ महिन्यांनी 'साभार परत' आले. दुसऱ्याने सांगितलं, नंबर लागायला दोन वर्षं लागतील. तिसऱ्याला मात्र लेख आवडले. अट एकच होती, लेखकाने 300 प्रती स्वतः विकत घ्यायच्या. किंमत 200 रुपये, मला चाळीस टक्के सूट. मी मुनीम माणूस, बसल्या जागी आकडेमोड केली. म्हणजे 36 हजार माझे. एवढ्यात पाचशे प्रतींची छपाई सहज निघते. मुलगी आमची, मांडव आमचा, जेवणावळी आमच्या, आणि पत्रिकेवर 'निमंत्रक' म्हणून नाव तुमचं! त्यापेक्षा आपणच मांडव घालू म्हटलं.

या गावात हा वेडेपणा करणारा मी पहिला नव्हे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे इथले दलाल भीमजी पारेख यांना जुन्या पोथ्या छापायची हौस आली. त्यांनी कंपनीमार्फत थेट इंग्लंडहून छापखाना मागवला. 1674 साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक आला, यंत्रही आलं. पण त्याला इथल्या लिपीचे खिळे पाडता येईनात. यंत्र आहे, कागद आहे, माणूस आहे, फक्त अक्षर नाही! माझ्या डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमधले लेख युनिकोडमध्ये आणले, तेव्हा सगळ्या 'ऱ्या'चे चौकोन झाले. भीमजींचं दुःख मला तीनशे-साडेतीनशे वर्षांनी, पण पुरेपूर कळलं.

दुसरे आमचे कवी नर्मद. त्यांच्या नावाचं विद्यापीठ आज सुरतेत आहे. गुजरातीचा मोठा शब्दकोश, 'नर्मकोश', त्यांनी पदराला खार लावून 1873 मध्ये पुरा केला आणि कर्जात बुडाले. त्याआधी 1866 मध्ये आत्मचरित्र लिहिलं, तर स्वतःसाठी आणि जवळच्या मित्रांसाठी मोजून चार-दोन प्रती छापल्या. लोकांच्या हाती ते आलं 1933 मध्ये, नर्मदांच्या जन्मशताब्दीला. आजकाल मागणी तेवढी छपाई हा मोठा शोध मानतात. मागणी नाही हे आधीच ओळखून छापणं, हा शोध नर्मदांचा. 1858 मध्ये त्यांनी लेखणीवरच जगायची शपथ घेतली आणि 1882 मध्ये मुकाट्याने नोकरी धरली. मी नोकरी न सोडण्याला एवढा आधार पुरे.

तर मी प्रकाशक झालो आणि 300 प्रती छापल्या. आयएसबीएन हा तेरा आकडी नंबर आपल्याकडे सरकार फुकट देतं, हे कळल्यावर एका रात्रीत माझी छाती दोन इंच फुगली. मग कायदा कळला. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची. बायकोला म्हटलं, "बघ, चार वाचक तर संसदेनेच मिळवून दिले!" ती म्हणाली, "उरलेल्या 296 चं काय? दिवाण उघडत नाही."

त्या 296 प्रती मी जांगडवर दिल्या. जांगड म्हणजे सुरतेच्या हिरेबाजाराचा प्राण. माल पसंतीला द्यायचा, ठेवून घेतला तर पैसे, नाही तर माल परत. पुस्तकविक्रेतेही असंच घेतात, फक्त परत कधी करायचं ते त्यांचं ते ठरवतात. तीस प्रती भुसावळच्या गाडीतून जळगावला नेल्या. शेजारच्या बाकावरच्या मावशींनी त्यातली एक मागून घेतली, नंदुरबारपर्यंत वारा घातला आणि "चांगलं जाड पुस्तक आहे रे भाऊ" म्हणून परत दिली. लिंबायतला एक प्रत लग्नात अहेर म्हणून दिली, तर पुढच्या महिन्यात तीच प्रत दुसऱ्या लग्नात मलाच मिळाली. नवरा-नवरीच्या नावावर पांढरी पट्टी होती. प्रत मात्र कोरी करकरीत.

एक प्रत दिली आमच्या आळीतल्या बाईंना. महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी महिन्याने परत केली. मी म्हटलं, चला, हीही जांगडच. घरी येऊन उघडली तर पानापानावर शिसपेन. हिरा घेणारा दलाल डोळ्याला भिंग लावून डाग शोधतो, तसे शोधलेले 112 डाग. 'पाणी' नि 'पाणि' तर होतेच. पण पान 41 वर माझी आजी वारते आणि पान 67 वर पापड लाटायला बसते, हे मला, डीटीपीवाल्याला आणि संसदेने दिलेल्या चार वाचकांना, कुणालाच दिसलं नव्हतं. शेवटच्या लेखावर आडवी रेघ आणि दोन अक्षरं: 'नको.' तो लेख माझ्यावरच होता.

रात्रभर राग धरला. सकाळी तो लेख पुन्हा वाचला. खरंच नको होता.

"बाई, छापायच्या आधी का नाही सांगितलंत?" मी गेल्यावर विचारलं.

"आधी दाखवलंस कुठे? सगळं आपणच करायचं म्हणालास ना?"

लेखक मी, प्रकाशक मी, हमाल मी, एवढ्या सगळ्यांत 'नको' म्हणणारा माणूस नेमायचा राहूनच गेला होता. प्रकाशकाच्या चाळीस टक्क्यांचा हिशेब मी चोख केला होता. कुणी हाताशी बसून खोडणारा मिळाला असता, तर त्याची किंमत त्यात धरली नव्हती. पण आठ महिन्यांनी आलेल्या त्या 'साभार परत'मध्येही शिसपेनचं एक टिंब नव्हतं, हेही मुनिमाने लिहून ठेवलं पाहिजे.

शेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जांगडचा माल परत आला तर रडायचं नाही. डाग कुठे आहे ते बघायचं."

दुसऱ्या आवृत्तीत लेख 22 आहेत. प्रती फक्त 50, आणि छपाईला जाण्याआधी बाईंच्या घरी दोनदा जांगडवर जाऊन आल्या. आजी आता पापड वाळत घालून मगच वारते. तिला सव्वीस पानांचं आयुष्य वाढवून मिळालं.