सबंध बोटवाले काका

केरळला निघालेल्या प्रत्येक मराठी घोळक्यात एक काका असतातच, आणि अलप्पुझाच्या धक्क्यावर पाय पडला की त्यांच्या अंगात दर्यासारंग संचारतो. चार कुटुंबांत मिळून हाउसबोट करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ‘सबंध बोट घेतलीय आपण!’ हे ते काकूंना, रिक्षावाल्याला आणि शेजारच्या बोटीवरच्या अनोळखी माणसांनाही ऐकवतात.

बोट दुपारी बारा ते सकाळी नऊ. काकांनी भाड्याला एकविसाने भागून तासाचा दर काढलेला असतो. दोर सुटायला बाराचे सव्वाबारा झाले, की पाव तासाचे पैसे तोंडी मांडून मोकळे.

मग पाहणी. पूर्वी याच बोटी कुट्टनाडचा भात कोचीला न्यायच्या. सांगाड्याला खिळा नाही, फळ्या काथ्यानं शिवलेल्या. स्वयंपाकी हे अभिमानानं सांगतो. काका फळीवर टिचकी मारतात. ‘खिळ्यांचा खर्च नाही, मग भाडं एवढं कसं?’

काठाची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध घालायचे, पाणी पंपाने उपसायचं आणि पीक काढायचं. कालव्यातून जाताना शेतातला माणूस आपल्या पायाखाली दिसतो. खरं तर तोंडात बोट घालावं असं दृश्य. पण काकांचं लक्ष घड्याळाकडे आणि तोंडी ‘आमच्या तारकर्लीला’. जेवणात केळीच्या पानावर करीमीन मासा येतो. माणशी एक. काका आधी मोजतात, मग खातात, मग पापलेटाची बाजू घेतात. त्यांचा तुकडा मात्र काट्यापर्यंत साफ असतो.

घाव बसतो तो तीनच्या सुमाराला. शेजारून सरकारी प्रवासी बोट जाते. दप्तरं घेतलेली पोरं, भाजीच्या पिशव्या, पेपर वाचणारा एक म्हातारा. ती कोट्टायमपर्यंत जाते आणि तिकीट दोन वडापावांच्या पैशात, हे मुलगा मोबाइलवरून वाचून दाखवतो. पाणी तेच, नारळ तेच, बगळेही तेच. ‘त्यात संडास आहे का, बघ आधी,’ काका म्हणतात. पण चहा त्यांना गोड लागत नाही.

साडेपाचला बोट काठाला लागते. संध्याकाळनंतर पाणी कोळ्यांच्या जाळ्यांचं, तेव्हा हाउसबोटींनी हलायचं नाही. नियम रास्त आहे. काकांना तो वैयक्तिक वाटतो. ‘उभ्या बोटीचंही भाडं?’ एसी रात्री नऊला लागणार, म्हणून नऊपर्यंत ते कोणालाच स्वस्थ बसू देत नाहीत आणि नऊनंतर सोळावर लावून सगळ्यांना चादरीत गुंडाळतात.

सकाळी आठला इंजिन सुरू. इडल्या संपतात न संपतात तोच धक्का दिसायला लागतो. नऊला वीस मिनिटं कमी! काका ताडकन उठून चालकाजवळ जातात. ‘भय्या, टाइम बाकी है. एक राउंड.’

चालक हसून मान डोलावतो. त्यानं बोटीचा वेग कधीच कमी केलेला असतो. नऊच्या ठोक्याला बोट धक्क्याला टेकते, तेव्हा काका हिंदीत त्याची पाठ थोपटतात आणि काकूंना म्हणतात, ‘बघितलंस? सांगितल्याशिवाय हे लोक काही करत नाहीत.’