अंगठाबहाद्दर

अंगठा दाबला की लॅपटॉपवरचं वर्तुळ फुगतं, यात माझं कर्तृत्व शून्य. अर्ध्या इंचाची सेन्सरची चकती, ती दाबली की तिचा रोध उतरतो. जोडीला दहा हजार ओहमचा रेझिस्टर. दोघांमधला व्होल्टेज अर्डुइनो ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो, वायरीतून तो आकडा लॅपटॉपला कळवतो, आणि ‘प्रोसेसिंग’मधला चार ओळींचा प्रोग्रॅम तेवढं वर्तुळ काढतो. शाळकरी पोरांचा पहिला धडा. तरी पाहुण्यांना दाखवताना मी चष्मा कपाळावर चढवायचो आणि आवाज दोन पट्ट्या खाली आणायचो.

त्यात कुणी चुकून ‘अर्डुइनो म्हणजे काय हो?’ विचारलं, की संपलंच. आर्दुइन हा इटलीतल्या इव्रेआचा सरदार. १००२ साली इटलीचा राजा झाला. १००४ साली जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने येऊन तोच मुकुट आपल्या डोक्यावर चढवला. आर्दुइन पुढे दहाएक वर्षं ‘राजा मीच’ म्हणत झगडला, शेवटी मठात गेला आणि १०१५ साली वारला. त्याच्या नावाने इव्रेआत एक बार निघाला. तिथे बसणाऱ्या मंडळींनी २००५ साली हे निळं सर्किट केलं आणि त्याला बारचं नाव दिलं. मला या राजाबद्दल फार जिव्हाळा आहे. राज्य बुडालं तरी निदान बार निघाला. आमच्या नावाने रसवंतीगृहसुद्धा निघायचं नाही.

माझा आकडा नऊशेच्या पुढे जाई. भाचा म्हणाला, “मामा, दहा हजाराचा रेझिस्टर लावलाय तुम्ही. हलक्या दाबालाच आकडा उडी मारतो, पुढे कितीही जोर लावा, फारसा हलत नाही.” ही माहिती मी सत्कारणी लावली. पाहुण्यांच्या वेळी गुपचूप एक हजाराचा रेझिस्टर लावू लागलो. त्यांचं वर्तुळ लिंबाएवढं, माझं कलिंगडाएवढं.

आई आली तेव्हाही हजाराचाच होता. तिने सवयीने अंगठा पदराला पुसला. रेशन दुकानातल्या यंत्रापुढे ती दर महिन्याला असाच पुसते. भाकऱ्या थापून आणि भांडी घासून बोटावरच्या रेषा गेल्यात; यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही. पुन्हा पुसायचा, पुन्हा ठेवायचा. मागची रांग चुकचुकते, आणि आपल्याच नावाचे तांदूळ घ्यायला आलेली माझी आई ओशाळून हसते. ते हसू मला बघवत नाही.

तिने दाबलं. आठशेच्या घरात! वर्तुळ पडद्यात मावेना.

“हे घेतंय की रे माझा अंगठा! रेशनवाल्याला सांग ना असलं बसवायला.”

“आई, याला नुसता दाब कळतो. माणूस कळत नाही.”

“त्याला तरी कुठे कळतो?” आई म्हणाली. “आता तू दाब बघू.”

रेझिस्टर बदलायला तिने मला उठूच दिलं नाही.