कचरा आला असंन

वर्ध्यात स्कूटर बंद पडणं ही खाजगी बाब नाही. लागोपाठ चार-पाच किका वाया गेल्याचा आवाज कानावर पडला, की समोरच्या पानठेल्यावरून एक गृहस्थ सावकाश उठतात. टेरिकॉटची पँट, बाहेर सोडलेला शर्ट, डोक्याला दुपट्टा, हातात खर्ऱ्याची पन्नी. लगेच जवळ यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. दोन हातांवर थांबतात, मान तिरपी करून आणखी एक किक ऐकतात आणि निदान सांगून मोकळे होतात, "कचरा आला असंन."

या गृहस्थांना नाव देण्यात अर्थ नाही, कारण ते एक नाहीत. बजाज चौकात आहेत, आर्वी नाक्यावर आहेत, हिंगणघाटला आहेत, पुलगावला तर स्टेशनच्या बाजूचे वेगळे आणि बाजारातले वेगळे. कुणी जिल्हा परिषदेतून निवृत्त, कुणी एसटीतून, कुणी शाळेतून. आपण त्यांना काका म्हणू. सगळं वर्धा म्हणतंच.

काकांचा खरा विषय एकच: टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतं का, आणि नसेल तर वाटेत अडलं कुठं. ब्रेक, टायर, हेडलाइट यांत त्यांना रस नाही. पंक्चर झालेल्या माणसाकडं ते ढुंकूनही पाहत नाहीत. त्यात डोकं चालवायला जागाच नसते.

आता, टाकीत पेट्रोल आहे का, हा पहिला प्रश्न. पण काका तो कधीच विचारत नाहीत. चार माणसांदेखत, बायको मागं उभी असताना, धडधाकट माणसाला "पेट्रोल हाये का?" विचारणं म्हणजे त्याची आब घालवणं. शिवाय उत्तर ठरलेलं असतं, "कालच टाकलं न काका!" म्हणून काका म्हणतात, "जरा मोठ्या स्टँडवर घ्या बरं." आणि गाडी स्टँडवर घेता घेता मदतीच्या मिषानं सीटखाली हात घालून दोन हिसके देतात. टाकीत डुचमळल्याचा आवाज आला तर तपास पुढं. नाही आला तर काका आकाशाकडं पाहत म्हणतात, "रिझर्व्हले लावून पाहा. कदी कदी काटा खोटं दाखवते." दोष काट्यावर गेला, माणूस वाचला. एवढी सभ्यता मी भल्या भल्या डॉक्टरांत पाहिली नाही.

ही विद्या काका चेतकवर शिकले. चेतक बाजारात आली १९७२ साली, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागण्याचा तो काळ. वाट पाहता पाहता मुलं शाळेत गेली, मग गाडी आली. अशी गाडी बंद पडली म्हणून कुणी मिस्त्रीच्या हवाली करत नाही. माणूस स्वतःच तिच्याजवळ उकिडवा बसतो. तिच्यात पेट्रोल आपल्या वजनानं खाली यायचं. टाकी वर, कार्बोरेटर खाली, मध्ये रबरी नळी आणि सीटखाली तीन जागांचा कॉक: चालू, बंद, रिझर्व्ह. एवढी सोपी रचना आणि तेवढ्यातच बिघडण्याच्या किती तरी जागा. कॉकची जाळी तुंबते. नळीला घडी पडते. कार्बोरेटरमधला फ्लोट अडकला तर पेट्रोल येतच नाही, आणि त्याची सुई नीट बसली नाही तर इतकं येतं की गाडी ओव्हर होते. आणि टाकी संपत आली की स्कूटर आडवी करायची. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटायचं हा माणूस गाडीला कुशीवर निजवतोय. काका मात्र टाकीच्या कोपऱ्यात दडलेलं शेवटचं अर्धं पाव पेट्रोल वाटेला लावत असायचे.

आणि वर्धेकराला या गाडीचा जरा जास्तच अभिमान. टीव्हीवर १९८९ साली 'हमारा बजाज' सुरू झालं तेव्हा साऱ्या देशानं ते जाहिरात म्हणून ऐकलं. काकांनी ते सातबारा वाचल्यासारखं ऐकलं. १९४५ साली स्थापन झालेली ती कंपनी आधी परदेशी स्कूटरी आणून विकायची, आणि तिचं नाव बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. हे बछराज म्हणजे वर्ध्याचे शेठ, जमनालालजी बजाजांना नातू म्हणून दत्तक घेणारे. १९६० साली ती बजाज ऑटो झाली, कारखाना आकुर्डीला गेला. "कारखाना पुण्याले नेला, पण शेठ आपले," असं काका म्हणतात. स्कूटर आपली म्हटल्यावर तिच्या कार्बोरेटरवर हक्क कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

तपासाचा गाभा म्हणजे प्लग. प्लगपाना काकांच्या पिशवीत भाजीच्या खाली कायम असतो. प्लग काढायचा, उन्हात धरायचा आणि पाहायचा: ओला की कोरडा? ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. कोरडा असेल तर पोचतच नाही. अगदी शास्त्रशुद्ध परीक्षा. पण कापसाच्या जिल्ह्यात ओला आणि कोरडा हे शब्द उच्चारले की माणसं आपोआप गंभीर होतात. भोवती कोंडाळं जमतं, जो तो वाकून प्लग पाहतो, आणि केंद्राचं पाहणी पथक बांधावर उभं राहावं तसे काका मधोमध उभे असतात. पंचनामा होतो, हळहळ होते. मदत मात्र कुणी जाहीर करत नाही.

कोरडा निघाला की काकांची कळी खुलते, कारण आता कार्बोरेटर उघडायचा. त्याच्या पोटातून पितळेचा जेट निघतो, करंगळीच्या नखाएवढा, आणि त्याचं भोक सुईच्या टोकासारखं. त्या भोकाच्या मापावर साऱ्या गाडीचा श्वास. म्हणून त्यात तार घालायची नसते. भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहते. काकांना हे पक्कं ठाऊक आहे. ते जेट उन्हाकडं धरून पलीकडचा आभाळाचा ठिपका दिसतो का पाहतात आणि मग फुंकर मारतात. फुंकरीआधी खर्रा थुंकायचा असतो. हा नियम सगळेच काका पाळत नाहीत. माझा अंदाज असा, की जिल्ह्यातल्या तुंबलेल्या जेटांत पेट्रोलमधला कचरा थोडा आणि सुपारीचा भुगा फार.

मे महिन्यात निदान बदलतं. पारा पंचेचाळिशीच्या पुढं गेला की काकांना 'एअर लॉक' दिसायला लागतो: उन्हानं नळीत पेट्रोलची वाफ होते आणि वाट अडते. असं होऊ शकतं, पण काका म्हणतात तितक्या वेळा नाही. उपाय मात्र निरुपद्रवी. दुपट्टा भिजवून कार्बोरेटरवर ठेवायचा आणि सगळ्यांनी झाडाखाली उभं राहायचं. गाडी निवो न निवो, गाडीवाला निवतो.

अलीकडं काकांना नवा शत्रू मिळाला आहे. २०२५पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळी नेमकी तळातून निघते. जुन्या गाड्यांचं रबरही त्यापुढं टिकत नाही. काका हे सगळं अचूक सांगतात, पण त्यांचा खरा आक्षेप तांत्रिक नाही. "गांधीजींच्या पायी आपल्या जिल्ह्यात दारूबंदी," ते आवाज खाली आणतात, "अन् हे सरकार गाड्यांले शंभरात वीस पाजून राहिलं. कशी सरळ चालंन?"

१ एप्रिल २०२०ला बीएस-सिक्स आलं, नव्या स्कूटरींतून कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. मला वाटलं, काका संपले. पण काका आठवडाभर पानठेल्यावर गप्प बसले आणि नवं शिकून उठले. आता ते चावी फिरवायला लावतात, सीटला कान टेकवतात आणि हात वर करून रहदारीला गप्प करतात. टाकीतला पंप क्षणभर कुईऽऽ करतो. "बोलून राहिला. पंप ठीक हाये." नाही बोलला तर फ्यूज पाहा, आणि वर एक खरोखरीचा सल्ला: शेवटच्या थेंबावर गाडी हाकू नका, पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. कुणी विजेवरची चेतक घेऊन आलं तरी ते भोवती एक प्रदक्षिणा घालतात, मालकाला "किती देते?" विचारतात आणि उत्तर न ऐकता निघून जातात.

एका काकांपर्यंत ठीक. गडबड होते दोघे जमले की. काकांमध्ये दोन पंथ आहेत, प्लगवाले आणि कार्बोरेटरवाले, आणि त्यांच्यात रोटीव्यवहार असला तरी बेटीव्यवहार नाही. आर्वी नाक्यावर एकदा एका शिक्षिकाबाईंची जुनी बिनगिअरची स्कूटर बसली. बाईंनी लक्षणं नेमकी सांगितली: काल गाडी धुतली, सकाळी टाकी भरली, सेवाग्रामहून छान आली आणि इथं येऊन हळूहळू दम तोडला. थोडं थांबलं की सुरू होते, पुन्हा बंद.

"प्लग," पहिले काका म्हणाले.

"प्लग खराब असता तर घरूनच निघाली नसती," दुसरे म्हणाले. "कचरा हाये."

"कचरा काय सेवाग्रामहून संगं येते, अन् नाक्यावर उतरते का?"

"तुमी चेतक तरी वापरली का हो कदी? तुमची लूना होती."

लूनाचा उल्लेख व्हायला नको होता. विषय लूनावरून १९८५च्या एका बदलीवर गेला, तिथून कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणावर. बाईंना साडेदहाची शाळा गाठायची होती. पेट्रोल तरी आहे ना पाहावं म्हणून त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्सऽऽ करून हवा आत गेली. झाकणातलं बारीक भोक बुजलं, की टाकीत हवा शिरत नाही, आणि हवा शिरली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. धुताना त्यात चिखल बसला होता. बाईंनी केसांतली पिन काढून भोक मोकळं केलं, झाकण लावलं, बटण दाबलं. गाडी सुरू.

दोन्ही काका वळले.

"मी काय म्हणून राहिलो होतो?" कार्बोरेटरवाले म्हणाले. "कचराच निघाला न!"

"कार्बोरेटरमध्ये निघाला का पण?" प्लगवाले म्हणाले, आणि बाईंना हाक मारली, "मॅडम, थांबा जरा! आता गाडी सुरूच हाये तर प्लगही पाहून घेतो!"

मॅडम तोवर पोस्ट ऑफिस ओलांडून गेल्या होत्या.