गोळी, पण सबुरीची

बंदूक हातात आल्यापासून माणसाला एकच ध्यास लागला: गोळी आणखी जोरात कशी जाईल. अमेरिकेत मात्र काही मंडळी रात्रीची जेवणं उरकली की गॅरेजमधल्या टेबलाशी बसतात आणि गोळी हळू कशी जाईल, यावर डोकं शिणवतात. मिनेसोटात राहणारे आमचे एक स्नेही, मूळचे कोल्हापूरचे, नुकतेच या पंथात दाखल झाले आहेत. आयुष्यभर तांबडा रस्सा आणि मोठ्या आवाजातल्या गप्पा यांवर पोसलेला हा माणूस शांततेच्या नादी का लागला, हे मला पहिल्यांदा कळेना.

त्यांनी समजावलं ते असं. रायफलच्या एका बारात दोन आवाज असतात. पहिला नळीच्या तोंडाशी वायू एकदम सुटतात त्याचा. दुसरा खुद्द गोळीचा. हवेत २० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि शिकारीच्या रायफलची गोळी सहज ८०० मीटर. ती ध्वनीला मागं टाकते आणि हवेत आघाताची लाट उठवत जाते. एर्न्स्ट माख आणि पीटर साल्खर यांनी १८८७ साली या लाटेचे फोटोच छापून दाखवले होते. पहिल्या आवाजावर सायलेन्सरचा उतारा आहे. पण सायलेन्सर बसतो नळीला. उडत्या गोळीला तो कोण बसवणार? तिनं गप्प राहावं असं वाटत असेल तर तिला ध्वनीच्या मागून चालायला लावायचं, एवढंच हाती उरतं.

सायलेन्सरची कुळकथाही मजेची आहे. हायरम मॅक्सिम यांनी मशीनगन शोधून जगाचे कान किटवले. त्यांच्याच मुलानं, हायरम पर्सी मॅक्सिमनं, बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट १९०९ मध्ये मिळवलं आणि पुढं इंजिनांचे आवाज दाबायचा धंदाही केला. आपल्याकडची तरुण पोरं बुलेटचा कंपनीनं दिलेला सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवतात आणि मग पोलीस त्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात. पर्सीसाहेबांना हे बघून काय वाटलं असतं कोण जाणे.

तर हळू जाणारी काडतुसं दुकानात महाग, प्रकारही मोजके. म्हणून ती घरी भरायची. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, मापात आणायची, ठिणगी देणारा नवा प्रायमर, नवी दारू, नवी गोळी. स्नेह्यांनी निवडलं ते ३०० ब्लॅकआउट नावाचं काडतूस, २०११ साली प्रमाणित झालेलं. त्यातली हळू जाणारी गोळी जडशीळ, २०० ग्रेनच्या आसपास, म्हणजे १३ ग्रॅम. वेग गेला, आता वजन तरी असू दे, असा त्यामागचा व्यवहार.

मी म्हटलं, मग सोपंच आहे, दारू कमी घाला. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू रस्सा पांढराच बरा म्हटलं होतं. कमी दारू म्हणजे कमी धोका, हा नवशिक्याचा समज सगळ्यात घातक. मोठ्या पुंगळीत चिमूटभर दारू तळाशी बसते, वर जागा मोकळी. लक्ष चुकून दुसऱ्यांदा भरली गेली तरी ती सांडत नाही, ओरडत नाही, आणि मग रायफलच फुटते. फारच कमी पडली तर गोळी नळीत अडकते आणि मागून पुढची आली की तोच प्रकार. म्हणून छापील, तपासलेल्या पुस्तकातलं माप सोडून स्वतःची अक्कल चालवायची नाही. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा. टीव्ही बंद, फोन बंद, गप्पा बंद. कोल्हापूरच्या माणसाला यातलं शेवटचं किती जड गेलं असेल!

तराजू दशांश ग्रेनपर्यंत मोजतो, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. चाळीस माणसांचा मसालेभात नुसत्या नजरेच्या अंदाजानं करणाऱ्या वहिनी हे बघून म्हणाल्या, ‘‘इतकं मोजून कुणी हाताला चव येऊ देतं का?’’ पण स्वयंपाकाच्या पुस्तकातलं ‘चवीपुरतं मीठ’ इथं चालत नाही. चव बिघडली तर बोटं जातात.

एवढं करून हवामानाची कटकट आहेच. हवा थंड तसा ध्वनीही मंद. उन्हाळ्यात ३० अंशांना त्याचा वेग ३४९ मीटर, तर मिनेसोटाच्या जानेवारीत उणे २० ला ३१९. जुलैत शहाण्यासारखी गेलेली गोळी जानेवारीत त्याच वेगानं निघाली तर मर्यादा ओलांडून फटकन ओरडते. म्हणून हे गृहस्थ नळीपुढं वेगमापक मांडून वहीत आकडे लिहीत बसतात. त्यात हळू गोळी खाली फार येते. २०० मीटर गाठेपर्यंत ती नळीच्या रेषेपासून जवळजवळ दोन मीटर उतरलेली असते. जोरातली साधारण फूटभर. अंतराचा अंदाज थोडा चुकला की लक्ष्य सुखरूप.

आपल्याकडं हा छंद गॅरेजात करायचा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. पण हळू गोळीशी कोल्हापूरचं नातं आहे, आणि ते चांगलं चकाकतं. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पॉइंट टू टूची काडतुसं असतात आणि नेमबाज ती ध्वनीपेक्षा किंचित हळू जाणारीच घेतात, कारण ध्वनीची वेस ओलांडताना बसणारे हेलकावे नेम बिघडवतात. त्या काडतुसात प्रायमरचा स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच असतो, त्यामुळं ती घरी पुन्हा भरायची सोयच नाही. कारखान्याचाच माल घ्यायचा.

हे कळल्यापासून आमच्या स्नेह्यांची छाती फुगली आहे. येईल त्याला ते सांगतात, ‘‘स्वप्निलची गोळी आणि आमची, वेग जवळपास सारखाच.’’

वहिनी आतून विचारतात, ‘‘आणि पदक?’’